भाड्याचे घर आणि अनामत रक्कम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही लातूरला राहतो. मुलगी पुढील महिन्यात हिंजवडीतील कंपनीत रुजू होणार आहे. वाकडमधील टू बीएचके फ्लॅटची १४,००० रुपये भाड्याची जाहिरात आम्हाला इंटरनेटवर दिसली. त्याच भागात इतर लोक याच्या दुप्पट भाडे सांगतात. मालक स्वतः लष्करात असून बदलीमुळे जम्मूला असल्याचे सांगतात. त्यांनी आपले ओळखपत्र आणि आधारकार्ड यांचे फोटो पाठवले आहेत. घर पाहण्यासाठी सोसायटीचा प्रवेशपास लागतो, त्याचे ५,००० रुपये आधी भरावेत, घर पाहून झाल्यावर ते परत मिळतील, असे ते म्हणतात. पैसे पाठवावेत का?

उत्तर: पाठवू नयेत. आपल्या पत्रातच या फसवणुकीच्या बहुतेक खुणा आलेल्या आहेत. पुण्यातील सोसायट्यांमध्ये फाटकावर वहीत किंवा मोबाईलच्या ॲपवर नाव नोंदवले जाते आणि रखवालदार फ्लॅटमध्ये फोन करून विचारतो. घर पाहायला आलेल्या माणसाकडून त्यासाठी हजारो रुपये घेऊन नंतर परत करण्याची पद्धत नाही. पाच हजार पोहोचले की मागाहून ‘नोंदणी’, मग ‘एक महिन्याचे आगाऊ भाडे’ अशा मागण्या येत राहतात आणि प्रत्येक वेळी आधीची रक्कम बुडू नये म्हणून माणूस पुढची भरतो.

ओळखपत्राच्या फोटोवरून त्या नावाचे कार्ड अस्तित्वात आहे एवढेच कळते, आणि तेही कार्ड खरे असेल तर. ते पाठवणारा तोच माणूस आहे, किंवा तो त्या फ्लॅटचा मालक आहे, हे त्यावरून ठरत नाही. अनेकदा तो फोटो आधी फसवल्या गेलेल्या दुसऱ्याच कोणाचा असतो. लष्कराचे नाव घेण्यामागेही हिशोब आहे: त्या गणवेशाबद्दल आपल्या मनात विश्वास असतो आणि बदलीमुळे मालक प्रत्यक्ष भेटू शकत नाही हे पटकन पटते. परगावी किंवा परदेशी राहणारे खरे मालक पुण्यात पुष्कळ आहेत, हे मान्य. पण त्यांच्या वतीने आईवडील, भाऊ किंवा कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती चावी घेऊन दार उघडते आणि घर पाहू देण्याचे पैसे मागत नाही.

मुलीचा एखादा भावी सहकारी किंवा पुण्यातला नातेवाईक तेथे पाठवा. त्याने फ्लॅट तर पाहावाच, शिवाय सोसायटीच्या कार्यालयात जाऊन त्या क्रमांकाच्या फ्लॅटचा मालक कोण आणि तो सध्या रिकामा आहे का, एवढे विचारावे. ‘पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असा निरोप आला, तर लक्षात ठेवावे की यूपीआयमध्ये पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

प्रश्न: कोथरूडमध्ये एजंटने घर दाखवले, चावीही त्याच्याकडेच होती. ८ लाख रुपये ‘हेवी डिपॉझिट’ द्यायचे आणि दरमहा भाडे काहीच नाही, असा व्यवहार आहे. मालक व्यग्र असल्याने भेटणार नाहीत, पण करार नोंदवून देऊ, असे एजंट म्हणतो. करार नोंदवला जात असेल तर काळजीचे कारण आहे का?

उत्तर: आहे, आणि गंभीर आहे. या व्यवहारात घर खरे असते, चावी खरी असते, त्यामुळे जाणकार माणसेही फसतात. मध्यस्थ मूळ मालकाकडून घर मासिक भाड्याने घेतो, तेच घर दुसऱ्याला मोठी अनामत घेऊन देतो, त्या रकमेतून काही महिने मालकाचे भाडे भरत राहतो आणि एक दिवस नाहीसा होतो. मालक भाडे थकले म्हणून दारात येतो, तेव्हा दोघांनाही एकमेकांची ओळख पहिल्यांदा होते.

नोंदणीविषयी एक मोठा गैरसमज येथे दूर केला पाहिजे. ऑनलाईन नोंदणीत आधारच्या आधारे अंगठ्याचा ठसा घेऊन करार करणाऱ्या माणसाची ओळख पटवली जाते. तो त्या घराचा मालक आहे की नाही, याची खात्री नोंदणी कार्यालय देत नाही. ती आपणच करून घ्यावी लागते. मालकाकडे खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील त्या खरेदीच्या नोंदीचा उतारा, मागावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्येही तो शोधता येतो. महापालिकेच्या मिळकतकराचे बिल आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाची पावती यांवरील नाव त्याच्याशी जुळले पाहिजे. महावितरणच्या बिलावर कधी कधी वर्षानुवर्षे बिल्डरचेच नाव राहते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये आणि केवळ त्यावरून संशयही घेऊ नये. इंडेक्स टूमधले नाव, करारात घर देणाऱ्याचे नाव आणि ज्या बँक खात्यात अनामत जाणार त्या खात्याचे नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. एजंटच्या खात्यात फक्त त्याची दलाली जावी, तीही करार झाल्यावर.

मालक खरा असला तरी माझे मत हेवी डिपॉझिटच्या विरोधातच आहे. आपले ८ लाख म्हणजे मालकाला दिलेले विनातारण कर्ज असते. घरावर गृहकर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते, आणि आपली रक्कम मात्र त्या मालकाकडून वसूल करत बसावे लागते.

प्रश्न: घरमालक म्हणतात की ११ महिन्यांचा करार नोटरीकडे केला तरी चालतो, नोंदणीची गरज नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर: महाराष्ट्रात बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हे आपल्या मालकांना नम्रपणे सांगून पाहा. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, अधिक अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेल्या काल्पनिक व्याजावर, ०.२५ टक्के असते. दरमहा २०,००० भाडे आणि ६०,००० अनामत असेल, तर ११ महिन्यांसाठी ते ६०० रुपयांच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये वेगळे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवणे ही निराळी बाब आहे, ती कराराची जागा घेत नाही.

प्रश्न: मी काल रात्री २५,००० रुपये ‘टोकन’ म्हणून पाठवले आणि आज तो क्रमांक बंद आहे. आता काय करावे?

उत्तर: हा अंक हाती येण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून आपल्याला हे आधीच कळवले आहे, इतरांसाठी येथे देत आहोत. सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती रोखली गेली तरच परत मिळण्याची खरी आशा असते, आणि त्यात तासांचाही फरक पडतो. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, द्यावा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. जाहिरातीचे, संभाषणाचे आणि खात्याच्या तपशिलाचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावेत, कारण जाहिरात बहुधा संध्याकाळपर्यंत काढून टाकलेली असते. रागाच्या भरात त्या माणसाशी झालेले संभाषण पुसू नये.