वाचकांचे प्रश्न : पूर्वजांची नावे कोणत्या दप्तरात सापडतात?

प्रश्न : परदेशातील लोक जुन्या जनगणनेच्या याद्यांवरून आपल्या पणजोबांचे घर, वय आणि व्यवसाय शोधून काढतात, असे वाचनात आले. आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यातील आहे. १९३१ च्या जनगणनेतील आमच्या घराची नोंद मला कोठे पाहता येईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : ती नोंद आपल्याला पाहता येणार नाही. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण या एका आशेपायी अनेक जण कचेऱ्यांचे हेलपाटे घालत राहतात. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार प्रगणकाने भरलेली पुस्तके आणि नोंदवह्या पाहण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही दाखल करता येत नाहीत. त्यापूर्वीच्या जनगणनांचेही आकडे आणि अहवाल तेवढे प्रसिद्ध झाले. घरोघरच्या याद्या खुल्या नाहीत. ब्रिटनमध्ये अशा याद्या १०० वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी खुल्या होतात. त्यानुसार इंग्लंड-वेल्सची १९२१ ची आणि अमेरिकेची १९५० ची जनगणना २०२२ साली लोकांना पाहायला मिळाली. आपण सांगितलेली माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही, या भरवशावरच माणूस प्रगणकाला खरे उत्तर देतो, म्हणून गोपनीयतेचे तत्त्व मला मान्य आहे; मात्र शंभर वर्षांनंतरही ती पाळण्यात कोणाचे हित आहे, हे मला पटलेले नाही.

जनगणनेचा आपल्याला उपयोग होईल तो गाव निश्चित करण्यासाठी. १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय लोकसंख्या दिलेली असते आणि गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात मोडत होते, हेही त्यांवरून कळते. ही बाब क्षुल्लक नाही. तासगाव तालुका ब्रिटिश काळात सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये त्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे जुन्या कागदांवर आपल्या गावापुढे ‘जिल्हा सातारा’ असेच लिहिलेले आढळेल, आणि एखादे दप्तर सांगलीत मिळाले नाही तर साताऱ्यात चौकशी करावी लागेल.

व्यक्तीचा माग काढायचा असेल तर जमिनीच्या कागदांकडे वळावे. आपल्याकडे शेतसारा हाच राज्यकारभाराचा कणा असल्यामुळे माणसाच्या जन्ममृत्यूपेक्षा त्याच्या शेताची नोंद अधिक काटेकोरपणे ठेवली गेली. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून खातेदार बदलला की त्याचा फेरफार गाव नमुना ६ मध्ये लिहिला जाऊ लागला. आजच्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जे क्रमांक दिसतात, ते या फेरफारांचे क्रमांक होत. सर्वांत अलीकडच्या क्रमांकाचा उतारा घ्यावा, त्यात ज्या आधीच्या खातेदाराचे नाव येते त्याच्या नावावर जमीन कोणत्या फेरफाराने आली ते पाहावे, आणि असे एकेक करत मागे जावे. अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारे आणि फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. जे तेथे नाहीत, त्यांच्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

वारस फेरफाराची भाषा त्रोटक असते, पण तिच्यात घराचा इतिहास दडलेला असतो. समजा, ‘राघू बिन तुका मयत, वारस मुलगा कोंडी, अ.पा.क. आई सगुणा’ अशी नोंद मिळाली. राघूच्या बापाचे नाव तुका, राघू वारला तेव्हा कोंडी अज्ञान म्हणजे अल्पवयीन होता आणि त्याचा व जमिनीचा सांभाळ करण्याची जबाबदारी सगुणेवर आली, एवढा वृत्तान्त या एका ओळीत आहे, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एखाद्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसली, तर तो भाऊ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला गेला आहे आणि त्याच्यामागे नावे न आलेले इतर भाऊ असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. एकट्या ए.कु.मॅ.च्या नावावरून ‘आमचे पणजोबा एकुलते एक होते’ असा निष्कर्ष काढणारी कितीतरी घरे असतात.

एका ठिकाणी ही साखळी हमखास तुटते. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा मागावा. तो हाती नसताना पुढे जाऊ नये, कारण शेजारच्या भावकीतही तीच नावे वारंवार येतात आणि भलत्याच घराची वंशावळ जुळवली जाते.

प्रश्न : आजोबांच्या बाजूच्या पाच पिढ्या सापडल्या, पण आजीच्या माहेरचे काहीच मिळत नाही. तिचे माहेरचे नावसुद्धा घरात कोणाला ठाऊक नाही. कोठून सुरुवात करावी? – एक वाचक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)

उत्तर : आपली अडचण फार जणांची आहे आणि तिचे मूळ नोंदी ठेवण्याच्या पद्धतीतच आहे. लग्नानंतर स्त्रीचे नाव, आडनाव आणि गाव, तिन्ही बदलत असत, आणि तिच्या नावावर जमीन नसल्यामुळे सारा वसूल करणाऱ्या दप्तराला तिची दखल घेण्याचे कारण पडत नसे. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ मुळे मुलींना बापाच्या मालमत्तेत वारस म्हणून स्थान मिळाले आणि त्यानंतरच्या वारस फेरफारांत मुलींची नावे नियमाने येऊ लागली. आजीचे वडील १९५६ नंतर वारले असतील, तर त्यांच्या गावच्या फेरफारात ती नवऱ्याच्या नावासह, बहुधा ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार या अक्षराने जोडलेली सापडेल.

त्याहून अधिक माहिती हक्कसोडपत्रात मिळते. भावाच्या नावे आपला हिस्सा सोडून देताना बहिणीने केलेला हा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो आणि त्यात तिचे वय, नवऱ्याचे नाव, राहण्याचे गाव आणि सर्व भावंडांची नावे लिहिलेली असतात. कित्येक बायांच्या बाबतीत शासनदरबारी असलेली सर्वांत सविस्तर नोंद, त्यांनी आपला हक्क सोडून दिला त्याच कागदावर असते. हे वाचताना जीव तुटतो, परंतु आपल्याला तोच कागद लागणार आहे. दस्ताची तारीख माहीत नसली तरी निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ मध्ये गावाच्या नावाने शोध घेता येतो.

पण मुळात माहेरचे गाव कळायला हवे. आजी शाळेत गेली असेल, तर तेथील दाखल-खारीज नोंदवहीत तिचे माहेरचे पूर्ण नाव असेल. तेथील जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. गुरुजींनी अंदाजाने १ जून घातलेली मुले गावोगाव आहेत. शाळा नसेल तर आजीची मुले जेथे जन्मली त्या गावचा गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही पाहावी, कारण पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होत असे. या वहीत मुलाचे नाव पुष्कळदा नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, म्हणून आपल्या वडिलांचे किंवा काकांचे नाव शोधत न बसता आजोबांचे नाव शोधावे. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार निबंधकाकडील नोंदींचा शोध कोणीही शुल्क भरून मागू शकतो. आणि आजीच्या पिढीतील जे कोणी हयात असेल, त्यांना आजच भेटावे. कागद पुढच्या वर्षीही राहतील.

प्रश्न : आमचे घराणे बीड जिल्ह्यातील. जुने कागद मिळाले, पण काही उर्दूत आहेत, काही मोडीत, आणि साल १३ ने सुरू होते. – एक वाचक, बीड

उत्तर : ते फसली साल असावे. निजामाच्या राज्यातील महसुली कागदांवर तेच लिहीत. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३५८ हे १९४८-४९ होय. शके असेल तर ७८ मिळवावेत. मराठवाड्यासाठी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, म्हणजे शेतवार पाहणीची नोंद, हा चांगला आधार आहे. तेथून निजामकालीन कागदांकडे मागे जावे. मोडी वाचण्यासाठी जाणकाराकडे जाण्यास हरकत नाही, तरी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात, ते आपण स्वतः करावेत असे मी आग्रहाने सुचवेन. आपल्या घराण्याची नावे दुसऱ्याच्या वाचनावर सोडू नयेत.

प्रश्न : मॉरिशसमधील एका मराठी कुटुंबाशी आमचा स्नेह आहे. त्यांचे पूर्वज कोकणातून गेले, एवढेच त्यांना माहीत आहे. गाव शोधता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येईल, आणि सुरुवात तिकडूनच करावी. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची तेथील नोंदणी-पुस्तके मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेली आहेत. प्रत्येक मजुराला क्रमांक दिलेला असे आणि त्यापुढे नाव, वय, जात, गाव, जहाज अशी माहिती असे. काहींची छायाचित्रेही आहेत. तो क्रमांक जुन्या विवाह-मृत्यूच्या दाखल्यांवरून मिळू शकतो. गावाचे नाव परक्या कारकुनाने ऐकून लिहिलेले असल्यामुळे ते मोठ्याने म्हणून पाहावे आणि जवळच्या उच्चाराची दोन-तीन गावे निवडावीत. त्या गावांत गेलेल्या माणसाच्या नावाचे खाते बहुधा मिळणार नाही, कारण परदेशी जाणाऱ्यांत भूमिहीन पुष्कळ होते. तेव्हा मागे राहिलेल्या भावाचे किंवा चुलत्याचे नाव त्या कुटुंबाला आठवते का, हे आधी विचारून घ्यावे.