प्रश्न तुमचे, उत्तर आमचे: जन्मतारीख एक दिवस मागे का सरकते?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेचे सभासद नोंदणीचे सॉफ्टवेअर मी जावा भाषेत लिहिले आहे. अनेक वर्षे ते संस्थेच्या कार्यालयातल्याच संगणकावर चालत होते. जन्मतारीख मी जुन्या ‘डेट’ क्लासमधून (क्लास म्हणजे जावातला तयार घटक) घेऊन डेटाबेसमध्ये मिलिसेकंदांच्या आकड्यात साठवतो. हे सॉफ्टवेअर क्लाउडवरील सर्व्हरवर हलवल्यावर दुसऱ्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या, कारण सगळ्यांच्या जन्मतारखा एका दिवसाने मागे गेल्या होत्या. ज्यांची तारीख १ जून होती, ते सर्व ३१ मे रोजी जन्मलेले दिसू लागले. तारीख दाखवण्यापूर्वी तिच्यात साडेपाच तास मिळवले, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु १९४३ आणि १९४४ साली जन्मलेले काही ज्येष्ठ सभासद अजूनही ३१ मे वरच अडकले आहेत; १९४० साली जन्मलेल्यांची तारीख मात्र बरोबर दिसते. हे काय गौडबंगाल आहे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या यादीत १ जूनची एवढी गर्दी का, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहून दिलेली ती तारीख एका पिढीला जन्मभर पुरली. त्या गर्दीमुळेच चूक इतक्या लवकर उघड झाली, हे एका परीने बरेच झाले. तारखा वर्षभर विखुरलेल्या असत्या, तर ती कदाचित निवृत्तिवेतनाच्या कागदांवर जाऊन सापडली असती.

मूळ घोटाळा ‘डेट’ या नावात आहे. १९९६ साली जावाच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला हा क्लास नावाने तारीख असला, तरी त्याच्या पोटात तारीख नसतेच. त्यात एकच आकडा असतो, तो म्हणजे १ जानेवारी १९७० रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, त्या क्षणापासून मोजलेले मिलिसेकंद. त्या आधीच्या क्षणांसाठी हाच आकडा ऋण होतो. ‘डेट’ची छपाई करताना दिसणारे दिवस, महिना आणि वर्ष त्या आकड्यात साठवलेले नसतात, तर ज्या संगणकावर प्रोग्रॅम चालतो आहे, त्याच्या कालविभागाप्रमाणे (टाइमझोनप्रमाणे) ते त्या वेळी काढले जातात. आपण १ जून १९६० ही तारीख भरली, तेव्हा कार्यालयातल्या संगणकाने तिचा अर्थ ‘भारतातील १ जूनची सुरुवात’ असा लावला, आणि जागतिक प्रमाणवेळेत तो क्षण ३१ मेच्या सायंकाळी साडेसहाचा होता. क्लाउडवरील सर्व्हर सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. त्यामुळे आपल्या नव्या सर्व्हरने तोच आकडा वाचला आणि प्रामाणिकपणे ३१ मे असे सांगितले. आकडा बदललेला नाही, तो वाचणाऱ्याचे घड्याळ तेवढे बदलले आहे.

आता आपल्या ज्येष्ठ सभासदांकडे वळू. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे, हे आपण इतके गृहीत धरतो की ती कधी वेगळी होती, याची आठवणही राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे नेण्यात आली होती. जावा ज्या जागतिक कालविभाग कोशावर अवलंबून असते, त्यातील ‘एशिया/कोलकाता’ या नोंदीनुसार १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारत साडेपाच नव्हे, तर साडेसहा तास पुढे होता. आपल्या जुन्या संगणकाने हा इतिहास ध्यानात घेऊन १ जून १९४३ ची सुरुवात ३१ मेच्या सायंकाळी साडेपाच वाजता अशी साठवली. त्यात आपण साडेपाच तास मिळवता, तेव्हा रात्रीचे अकरा वाजतात आणि तारीख ३१ मेच राहते. १९४० सालच्या जूनमध्ये घड्याळ नेहमीचेच होते, म्हणून ते सभासद सुटले. आपल्या पतसंस्थेच्या खातेवहीत महायुद्ध असे डोकावले आहे.

यावरून साडेपाच तासांची मिळवणी का करू नये, हे लक्षात येईल. हाताने मिळवलेल्या तासांना इतिहास ठाऊक नसतो, तो कालविभागाच्या नावाला ठाऊक असतो. हे नाव लिहितानाही एक सावधगिरी हवी. मुंबई ही आपल्याकडची मोठी नगरी असली, तरी कोशात ‘एशिया/मुंबई’ अशी नोंद नाही. संपूर्ण भारतासाठी कोलकात्याचेच नाव आहे. (खुद्द मुंबईने भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेले स्वतःचे घड्याळ १९५५ पर्यंत सांभाळले होते, पण त्या हट्टालाही कोशात वेगळे घर मिळालेले नाही.) जुन्या ‘टाइमझोन’ क्लासला ‘एशिया/मुंबई’ हे नाव दिले, तर तो कोणतीही तक्रार न करता ग्रिनिचचा कालविभाग हाती ठेवतो. नवा ‘झोनआयडी’ मात्र त्याच नावावर चूक दाखवून (‘एक्सेप्शन’ फेकून) प्रोग्रॅम थांबवतो, आणि तेच योग्य आहे.

खरा उपाय असा की, जन्मतारीख हा क्षणच नव्हे, हे आधी मान्य करावे. ती पंचांगातली एक खूण आहे. तिला तास नाही, मिनिट नाही आणि कालविभागही नाही. सभासद उद्या लंडनला राहायला गेला, म्हणून त्याचा वाढदिवस बदलत नाही. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मध्ये यासाठी ‘लोकलडेट’ हा क्लास आहे. त्यात वर्ष, महिना आणि दिवस यांपलीकडे काहीही नसते, त्यामुळे सर्व्हर कोठेही हलवला, तरी तारखेला सरकायला जागाच उरत नाही. याउलट पैसे जमा झाल्याची किंवा सभासदाने लॉगिन केल्याची नोंद हा खरोखरीचा क्षण आहे आणि त्यासाठी ‘इन्स्टंट’ वापरावा. डेटाबेसमध्येही जन्मतारखेचा रकाना केवळ तारखेच्या प्रकाराचा ठेवावा.

जुन्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी, आधी संपूर्ण डेटाबेसची प्रत बाजूला ठेवून, प्रत्येक मिलिसेकंद आकड्याचा ‘इन्स्टंट’ करावा, त्याला ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग लावावा आणि मिळालेल्या उत्तरातून फक्त तारीख काढून नव्या रकान्यात लिहावी. १९४३ सालचे सभासद याच पायरीवर आपोआप जागेवर येतील, कारण साडेसहा तासांचा हिशेब कोशच करील. नव्या सर्व्हरवर भरलेल्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीच्या असतील, आणि त्यांनाही हेच रूपांतर चालते, कारण भारतात त्या क्षणी त्याच तारखेची पहाट झालेली असते. हे झाल्यावर साडेपाच तासांची ती ओळ आठवणीने काढून टाकावी.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट तपासून पाहावी. नव्या सर्व्हरवर ‘आजची तारीख’ कालविभाग न देता मागितली, तर भारतात रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात कालची तारीख मिळते. व्याजाची आकारणी मध्यरात्रीनंतर चालवण्याची पद्धत असेल, तर ती रोज एक दिवस मागच्या तारखेने चालत असणार.

प्रश्न : कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा मी ‘लोकलडेट’मध्येच ठेवतो, परंतु ३१ जानेवारीला सुरू झालेल्या कर्जाचे हप्ते फेब्रुवारीनंतर कायमचे २८ तारखेला येतात. शिवाय १ जानेवारी ते १५ मार्च २०२५ या मुदतीचे दिवस १४ असे उत्तर मिळते.
— एक वाचक, लातूर

उत्तर : ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की, फेब्रुवारीत ३१ तारीख नसल्यामुळे २८ मिळते, आणि येथवर सर्व ठीक आहे. आपण पुढचा हप्ता या २८ तारखेत एक महिना मिळवून काढत असणार. आपण मुळात ३१ तारखेपासून निघालो होतो, हे २८ तारखेला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासूनच मोजावा, म्हणजे पहिल्यासाठी एक महिना, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी तीन. मग मार्चचा हप्ता पुन्हा ३१ ला येईल.

दुसऱ्या प्रश्नात आपण ‘पिरियड’ हा अंतर वर्षे, महिने आणि दिवस असे तोडून देणारा क्लास वापरला आहे. त्याचे खरे उत्तर ‘दोन महिने चौदा दिवस’ असे आहे आणि आपण त्यातला दिवसांचा भागच उचलला. व्याजासाठी एकूण दिवस हवे असतील, तर ‘क्रोनोयुनिट’मधील दिवसांचे एकक घेऊन दोन तारखांमधले अंतर विचारावे, ते ७३ मिळेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत मुलांसाठी मराठीचा ऑनलाइन वर्ग चालवतो. शिकवणाऱ्या बाई पुण्यात असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मी पहिल्या शनिवारची सकाळी दहाची वेळ ‘झोन्डडेटटाइम’मध्ये (तारीख, वेळ आणि कालविभाग एकत्र ठेवणाऱ्या क्लासमध्ये) घेतली आणि तिच्यात सात दिवसांचा ‘ड्युरेशन’ मिळवत वर्षभराचे वेळापत्रक काढले. नोव्हेंबरमध्ये वर्ग एकाएकी सकाळी नऊचा झाला. कालविभाग दिलेला असूनही असे का व्हावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपण कालविभाग दिला, पण मिळवताना तास मिळवले. ‘ड्युरेशन’ हे घड्याळाच्या काट्यावर मोजलेले अंतर आहे. त्याच्या लेखी सात दिवस म्हणजे नेमके १६८ तास. २ नोव्हेंबर २०२५ रोजी उन्हाळी वेळ संपून तिकडील घड्याळे एक तास मागे गेली, त्यामुळे तो आठवडा १६९ तासांचा झाला आणि आपला १६८ तासांचा टप्पा ८ नोव्हेंबरला नऊ वाजताच येऊन थांबला. त्याच वेळेवर ‘प्लसवीक्स’ ही आठवडे मिळवणारी आज्ञा वापरली असती, तर स्थानिक घड्याळातले दहा कायम राहिले असते.

परंतु आपली अडचण तेवढ्याने संपत नाही, कारण मुलांचे दहा कायम राहिले, तर बाईंचे साडेसात साडेआठ होतात. ८ नोव्हेंबर ते ७ मार्चच्या वर्गापर्यंत पुण्यात रात्री साडेआठ आणि १४ मार्च २०२६ पासून पुन्हा सायंकाळी साडेसात. कोणाचे घड्याळ मुख्य मानायचे, हे कोणतीही भाषा ठरवून देत नाही; ते आपण आणि बाईंनी बोलून ठरवावे, आणि ज्याचे घड्याळ मुख्य, त्याची स्थानिक वेळ आणि कालविभागाचे नाव या दोन गोष्टी डेटाबेसमध्ये ठेवाव्यात. पुढे व्हायच्या कार्यक्रमांसाठी ‘इन्स्टंट’ काढून ठेवण्याचा मोह टाळावा. मेक्सिकोने २०२२ साली देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ रद्द केली, तेव्हा ज्यांनी पुढच्या उन्हाळ्यातल्या भेटी आधीच क्षणात बदलून ठेवल्या होत्या, त्यांच्या वेळा एका तासाने चुकल्या. ज्यांनी स्थानिक वेळ आणि नाव ठेवले होते, त्यांना कालविभाग कोश अद्ययावत करणे पुरेसे होते.

प्रश्न : डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या चार दिवसांत आमच्या हॉटेलच्या बिलांवर २०२६ साल छापले गेले. १ जानेवारीपासून सर्व आपोआप ठीक झाले. कारण काय असावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : तारीख कशी छापायची हे सांगणाऱ्या साच्यात वर्षासाठी मोठ्या लिपीतला वाय (Y) लिहिला गेला आहे. तो आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष देतो. आठवडा रविवारी सुरू होतो असे मानल्यास २८ डिसेंबर २०२५ चा आठवडा १ जानेवारीला पोटात घेतो, म्हणून तो सबंध आठवडा २०२६ चा ठरतो. लहान लिपीतला वाय लिहिला की, बिले ठीक होतील.

साचा दुरुस्त करताना जुना ‘सिंपलडेटफॉरमॅट’ही काढून टाकावा. त्याची एकच प्रत अनेक थ्रेडनी (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी वापरली, तर तो तारखांची सरमिसळ करतो. त्याच्या जागी ‘डेटटाइमफॉरमॅटर’ घ्यावा. त्यात वर्षासाठी वायऐवजी लहान यू (u) लिहावा आणि तपासणीची पद्धत ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे काटेकोर ठेवावी. ग्राहकाने ३१-०२-२०२५ अशी तारीख भरली, तर जुना क्लास तिचा ३ मार्च करतो आणि नवा क्लास नेहमीच्या पद्धतीत २८ फेब्रुवारी करून मोकळा होतो. ‘स्ट्रिक्ट’ पद्धतीत मात्र तो ती तारीख स्वीकारायलाच नकार देतो.