स्पंजातला रेणू पेशीतल्या कुठल्या प्रथिनाला चिकटतो हे कसं शोधू?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवरून आणलेल्या स्पंजातला रेणू पेशी मारतो. आता त्याला बायोटिन (एक जीवनसत्त्व) जोडून, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन मण्यांवर पुलडाउन करणार, म्हणजे रेणूला चिकटलेली प्रथिनं मण्यांसोबत ओढून काढणार, आणि ती आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरची ठळक पट्टी मास स्पेकला (प्रथिन ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवणार. असं अजिबात करू नका.

आमच्या जेलवर ७५ आणि १३० किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) दोन रेखीव पट्ट्या आल्या होत्या. वरिष्ठ म्हणाले, सापडलं. मी म्हटलं, आधी रेणूशिवाय नुसते मणी चालवू. नको म्हणाले. तीन महिन्यांनी निकाल आला: १३० ला पायरुवेट कार्बॉक्सिलेझ, ७५ ला प्रोपिओनिल-कोए कार्बॉक्सिलेझ. मायटोकॉन्ड्रियातल्या या प्रथिनांच्या अंगावर मुळातच बायोटिन असतं. औषध घाला वा न घाला, ती मण्यांवर बसणारच.

म्हणून जेलवर तीन लेन (रांगा) हव्यातच. एकीत बायोटिनवाला रेणू, दुसरीत रेणूशिवाय नुसतं बायोटिन-लिंकर (लिंकर म्हणजे बायोटिन जोडणारा दुवा). तिसरीत लायसेटला (फोडलेल्या पेशींच्या द्रवाला) आधी बायोटिन नसलेला साधा रेणू बायोटिनवाल्याच्या २० ते ५० पट द्या, अर्धा तास थांबा, मग बायोटिनवाला घाला. तिसरीत जी पट्टी फिकी पडते तिच्याकडेच बघा, कारण तिथली जागा साध्या रेणूने आधीच अडवलेली असते. लिंकर लावल्यावर रेणू पेशी मारेनासा झाला असेल, तर पुढचं सगळं वाया.

एखाद्या प्रथिनावर संशय असेल तर लिंकरशिवाय सेट्सा (CETSA) करा: रेणू चिकटलेलं प्रथिन सहसा जास्त तापमान सोसतं, ते यात तपासतात. ही पद्धत २०१३ मध्ये आली. पेशींना तासभर रेणू किंवा तुलनेसाठी नुसता डीएमएसओ (रेणू ज्यात विरघळवतात तो द्रव) द्या, पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) घेऊन पीसीआर नळ्यांत वाटा, ४० ते ६७ अंशांवर ३ मिनिटं तापवा, द्रव नायट्रोजनमध्ये तीनदा गोठवून-वितळवून फोडा. ४ अंशांवर २०,००० जी ला २० मिनिटं फिरवून वरचा द्रव वेस्टर्नला (अँटिबॉडीने ठरावीक प्रथिन मोजणाऱ्या चाचणीला) लावा. पेशी फोडायला आरआयपीए बफर नको, त्यातलं एसडीएस हे डिटर्जंट साका झालेलं प्रथिन पुन्हा विरघळवतं. लोडिंग कंट्रोलला (सगळ्या लेनमध्ये सारखाच माल आहे ना हे दाखवणाऱ्या प्रथिनाला) ॲक्टिनही नको, तापमान चढलं की तोही खाली बसतो. उष्णता सोसणारं एसओडी१ हे प्रथिन घ्या.

आपल्याकडच्या पावसात डीएमएसओ जपा, तो हवेतलं पाणी ओढतो. कुपी गार असताना उघडली की झाकणाच्या आत दव धरतं, तेलकट रेणू साक्यासारखा बाहेर पडतो आणि मात्रा चुकते. २०-२० मायक्रोलिटरच्या कुप्या भरा, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

एक सांगायचं राहिलं: सेट्सात तापमानानुसार उरलेल्या प्रथिनाचा वक्र सरकला नाही म्हणजे रेणू चिकटत नाही असं नव्हे, आणि जिवंत पेशींत सरकला तर लायसेटमध्येही करून बघा, कारण तो पेशीतल्या नंतरच्या घडामोडींनीही सरकतो.

तुमचे गाइड नुसत्या बायोटिन-लिंकरची लेन नको म्हणाले, तरी जेलवर एखादी वेल रिकामी राहतेच. ती भरा.