वाचकांचे प्रश्न : उपाशी राहणारी पिवळी मासोळी

प्रश्न : आमच्या काचेच्या टाकीतील पिवळ्या आफ्रिकी माशांपैकी एका मादीने दहा दिवसांपासून काहीच खाल्लेले नाही आणि तिचा गळा फुगला आहे. दुकानदाराने औषध घालायला सांगितले आहे. काय करावे? हा मासा मुळात राहतो तरी कसा?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कृपया औषध घालू नका. आपल्या वर्णनावरून हा दुकानांत ‘यलो लॅब’ म्हणून मिळणारा मासा दिसतो, आणि मादी आजारी नसून तिच्या तोंडात अंडी किंवा पिल्ले असण्याची शक्यता फार मोठी आहे. या जातीची मादी अंडी घातल्याबरोबर ती तोंडात घेते, नराच्या गुदपरावरील (पोटाखालच्या मागच्या परावरील) अंड्यासारख्या ठिपक्यांना टोचू लागते आणि त्याच वेळी नराने सोडलेल्या शुक्राणूंनी तिच्या तोंडातच अंडी फळतात. पुढे तीन-चार आठवडे ती जवळजवळ उपाशी राहते. आपल्या बाजारातील चिलापीही याच कुळातली असून तिची मादीसुद्धा पिल्ले अशीच सांभाळते.

हा मासा पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराचा. सुमारे ७०० मीटर खोल असलेल्या या सरोवराच्या खडकाळ काठाशी राहणाऱ्या अशा लहान माशांना तेथील टोंगा भाषेत ‘म्बुना’ म्हणतात. त्यांतील बरेचसे खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. हा मात्र चिमट्यासारख्या दातांनी फटींतील किड्यांच्या अळ्या आणि बारीक जीव टिपतो. म्बुना खडक सोडून मोकळ्या वाळूवरून किंवा खोल पाण्यातून सहसा दूर जात नाहीत, आणि पिल्ले आईच्या तोंडातच वाढत असल्याने प्रवाहाबरोबर लांब वाहून जात नाहीत; त्यामुळे कृष्णेच्या एका घाटावरच्या माशाचा रंग पुढच्या घाटावर निराळा दिसावा, तसा तेथे एकाच जातीचा रंग किनाऱ्यागणिक बदलतो. १९५६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जेफ्री फ्रायर यांनी सरोवराकाठच्या न्खाटा बे येथील निळसर-पांढऱ्या माशांवरून ‘यलो लॅब’च्या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला ‘सेरुलियस’, म्हणजे निळा, हे नाव दिले. आपल्या टाकीतला पिवळाधमक प्रकार याच सरोवराच्या लायन्स कोव्ह परिसरातला, पण नाव तेच राहिले. मला या माशाच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

सध्या मादीला जाळीने पकडू नका, कारण घाबरली तर ती अंडी थुंकते किंवा गिळते. टाकीत दगडांच्या अरुंद फटी ठेवा, म्हणजे बाहेर पडलेल्या पिल्लांना आसरा मिळेल. पिल्ले जास्त झाली तरी ती कृष्णेत मुळीच सोडू नका. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.