ग्रामपंचायत स्वतःच्या कर्मचाऱ्याचा पगार ठराव करून वाढवू शकते का?

गावात पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार वाढवायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो का, असं तुम्ही विचारलंय. मी एक टर्म सदस्य होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

ठराव जरूर होतो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार कर्मचारी नेमणं आणि त्याला ग्रामनिधीतून पगार देणं हे पंचायतीचंच काम. किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, ते शासन अधिसूचना काढून ठरवतं. जास्त द्यायला ठरावाची आडकाठी नाही, आडवी येते ती तिजोरी. उत्पन्नाच्या 35 टक्क्यांपर्यंतच आस्थापनेवर, म्हणजे कर्मचाऱ्यांवर, खर्च करायचा, ही मर्यादा आहे. लहान गावाचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि चार गाळ्यांचं भाडं. त्याचे 35 टक्के किती होणार?

म्हणून किमान वेतनातला काही वाटा शासन देतं. पण तो आकृतिबंधात, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या संख्येत, बसलेल्यांनाच. आकृतिबंध ठरतो लोकसंख्येवर. वाड्या किती विखुरलेल्या आहेत, टाक्या किती, हे त्यात कुठेच येत नाही. तुमच्या माणसाचं नाव त्यात नसेल तर त्याचा सगळा भार गावावर. महागाईसाठी किमान वेतनावर मिळणारा राहणीमान भत्ता तर सगळ्यांचाच पंचायतीने द्यायचा असतो आणि थकतो तो नेमका तोच.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे 28 एप्रिल 2020 चा शासन निर्णय. त्याने शासनाचा वाटा करवसुलीच्या टक्केवारीशी बांधला. म्हणजे पट्टी बुडवली गावातल्या बड्या घराने आणि कापला गेला पाणी सोडणाऱ्याचा पगार. मार्चमध्ये हाच माणूस पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. थकबाकीदाराचा नळ तोडायचा हुकूम त्याच्याच हातात देतात आणि शिव्याही तोच खातो. रात्री थ्री फेज आली की मोटार चालू करायला विहिरीवर जातो, पहाटे व्हॉल्व्ह फिरवतो. वसुली करायची की नाही हे त्याने ठरवायचं नसतं. मतांचा हिशोब पाहून ते सरपंच आणि आम्ही सदस्य ठरवायचो. त्याची शिक्षा त्याला का?

त्याच कार्यालयात बसणारे ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) जिल्हा परिषदेचे. त्यांच्या पगाराचा गावच्या वसुलीशी संबंध नाही, वेतन आयोगही लागू. शेजारच्या खुर्चीवरचा लिपिक मात्र ग्रामनिधीवर. हा भेद मला कधीच पटला नाही.

शहरांत तर शेवटचा शब्द मंत्रालयाचाच. महापालिकेला नवं कायम पद निर्माण करायला राज्याची मंजुरी लागते. सातव्या वेतन आयोगासाठी पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेलाही राज्य सरकारकडे जावं लागलं.

तुम्हाला खरंच त्याच्यासाठी काही करायचं असेल तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: त्याचं नाव आकृतिबंधात आहे का, भविष्य निर्वाह निधीची रक्कम दरमहा भरली जाते का, आणि राहणीमान भत्ता किती महिन्यांचा थकलाय. उत्तरं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घ्यायला लावा. जिल्हा परिषदेच्या वर्ग 3 आणि 4 च्या पदांत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्के जागा राखीव असतात. त्या ज्येष्ठता यादीत त्याचं नाव लागलंय का, तेही पंचायत समितीत जाऊन बघा. वय उलटून गेलं की ती संधीही जाते.