आईंना कोची दाखवायचंय, एफडी मोडू की हप्त्यावर जाऊ?

वाचकाचा प्रश्न: मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. हातात पगार ४४,००० रुपये. बायको घरी ब्लाउज शिवते, त्याचे सरासरी ८,००० येतात. घरखर्च ३३,०००, एसआयपी ४,०००, विम्याचे हप्ते महिन्याला २,५०० पडतात. बँकेत १,२०,००० ची एफडी आहे. मुलगी आठ वर्षांची, आई ७१ वर्षांची. वडील ट्रक चालवायचे. लासलगावचा कांदा घेऊन कोचीला जायचे आणि आले की तिथल्या बंदराच्या, मोठाल्या चिनी जाळ्यांच्या गोष्टी सांगायचे. आता ते नाहीत. आईच्या मनात एकदा कोची बघायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी मी केरळचं पाच रात्रींचं पॅकेज पाहिलं आहे, चौघांचे ९६,०००. एक तर एफडी मोडतो, नाहीतर 'नो कॉस्ट ईएमआय'वर १२ महिने ८,००० भरतो आणि बोनस आला की फेडतो. काय करू?

उत्तर:

आधी निकाल सांगते, मग हिशेब मांडते. आईंना घेऊन जाच. पण दिवाळीत जाऊ नका, हे पॅकेज घेऊ नका आणि एफडीला हात लावू नका. फेब्रुवारीत फक्त कोचीला जा, तीन रात्री राहा आणि रेल्वेनं जा. तो खर्च ४८,००० रुपयांत बसतो आणि निघायच्या आधीच तुमच्या हातात असू शकतो.

तुम्ही पॅकेजच्या पत्रकाचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. त्यात वर ठळक अक्षरात ९६,००० आहेत आणि खाली बारीक अक्षरात 'कोचीन ते कोचीन' लिहिलंय. याचा अर्थ नाशिकहून कोचीला जायचं-यायचं भाडं त्यात धरलेलं नाही. जेवणात फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण आहे. प्रवेश तिकिटं वेगळी आणि ५ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे ९६,००० वर ४,८०० कर, चौघांचं रेल्वेचं भाडं साधारण १६,००० आणि दुपारच्या जेवणाचे सहा-एक हजार. बेरीज १,२२,८०० होते, आणि अजून तुम्ही एक नारळपाणीसुद्धा प्यायलेलं नाही. तुमची अख्खी एफडी मोडली तरी पुरत नाही.

आता त्याच पत्रकातला दिवसांचा तक्ता बघा. दोन रात्री मुन्नार, एक थेक्कडी, एक अलेप्पीची हाउसबोट आणि शेवटची रात्र कोचीत. कोचीचं 'स्थलदर्शन' शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत. कोची ते मुन्नार अंतर साधारण १३० किलोमीटर, त्यातला बराचसा घाट. आईंचे गुडघे दुखतात असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय. त्यांना जे बघायचंय त्याला या सहलीत अर्धा दिवस मिळतोय आणि उरलेले दिवस त्या गाडीत बसून असणार. तुमच्या पत्नीचं म्हणणं मला कळतं. एवढ्या लांब जातोय तर सगळं केरळ बघून येऊ, पुन्हा कधी जाणं होतंय, हे मी किती घरांत ऐकते. पण ही सहल आईंच्या इच्छेतून निघालेली आहे. मुन्नारला तुम्ही दोघं मुलीला घेऊन पाच वर्षांनीही जाल.

'नो कॉस्ट'बद्दल. बँक कुणाला बिनव्याजी पैसे देत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. होतं असं की बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता आधीच देऊन टाकतो, म्हणून तुम्हाला हप्त्यांची बेरीज ९६,००० च दिसते. बँकेचा दर १६ टक्के धरला तर त्या ९६,००० मध्ये साधारण ७,८०० रुपये व्याज लपलेलं आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर पडतो, म्हणजे १,४०० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. आकडा मोठा नाही, मान्य. पण विक्रेता जी सूट बँकेला देऊ शकतो ती रोख पैसे देणाऱ्यालाही देऊ शकतो. पुढे कधी कुठलंही पॅकेज घ्याल तेव्हा 'सगळे पैसे एकदम दिले तर किती?' हे विचारल्याशिवाय कार्ड पुढे करू नका.

मला त्या १,४०० रुपयांपेक्षा हप्त्याची काळजी जास्त वाटते. तुमच्याकडे महिन्याला १२,५०० उरतात, पण त्यात शिलाईचे ८,००० धरलेत. ते काही पगारासारखे दर महिन्याला नेमानं येत नाहीत. दिवाळीआधी आणि लग्नसराईत मशीन थांबत नाही, आणि मध्ये एखादा महिना येतो की तीन हजारांवर काम जात नाही. त्या महिन्यात तुमच्याकडे ७,५०० उरतील आणि हप्ता ८,००० चा असेल. मग एसआयपी थांबवणार किंवा कार्डाचं बिल पुढे ढकलणार, आणि कार्डाच्या थकबाकीचं व्याज फार चढं असतं. उलट तेच ८,००० तुम्ही सहलीच्या आधी बाजूला टाकत असाल, तर त्या महिन्यात ५,००० टाका, कुणी दंड लावत नाही. रक्कम तीच, घर तेच. जाण्याआधी सहा महिने भरा, की आल्यावर बारा महिने भरा, एवढाच प्रश्न आहे.

बोनसच्या भरवशावर कर्ज घेणं तर नकोच. बोनस आला तर त्यातले दहा हजार सहलीच्या खात्यात टाका, तेवढा महिन्यांचा ताण कमी होईल. बाकीचा एफडीत घाला.

एफडी का मोडायची नाही, तेही सांगते. मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, पण तेवढ्यासाठी मी अडवत नाहीये. १,२०,००० म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम साडेतीन महिन्यांचा खर्च. तुमच्या आरोग्य विम्यात तुम्ही, पत्नी आणि मुलगी आहात, आई नाहीत. म्हणजे आज रात्री आईंना दवाखान्यात न्यावं लागलं तर ही एफडीच त्यांचा विमा आहे. त्यांना कोची दाखवायला त्यांच्याच दवाखान्याचे पैसे मोडायचे, हे मला पटत नाही. आणि एक काम सहलीच्याही आधी करा: आयुष्मान वय वंदना कार्ड. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे आणि आधार कार्डावर काढून मिळतं. आईंचं काढलेलं नसेल तर या रविवारीच काढा, आणि नाशिकमधली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते लिहून दारामागे चिकटवा.

आता ४८,००० कसे जमतात ते. रेल्वे १६,०००: थर्ड एसी, माणशी एका बाजूचे २,००० धरले आहेत. मुलीला स्वतंत्र बर्थ घेतला की तिचंही पूर्ण तिकीट लागतं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, म्हणून आईंचंही पूर्णच धरा. राहायला दोन साध्या खोल्या, तीन रात्रींचे १२,०००. गाडीतलं धरून जेवणखाण ७,५००. रिक्षा, बोट, स्टेशनला जाणं-येणं ४,०००. तिकिटं आणि एक संध्याकाळ कथकली, २,५००. मसाले आणि किरकोळ खरेदी २,५००. राखीव ३,५००. हे माझे अंदाज आहेत, खोलीचे दर फोन करून पक्के करा.

तुमचं पत्र जुलैअखेरीस आलं. ऑगस्टपासून महिन्याला ८,००० टाकलेत तर जानेवारीअखेर ४८,००० होतात. बरेच जण अशा वेळी सहा महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची मुदत ठेव, सुचवतील. मी सुचवणार नाही, कारण सहलीचे पैसे एकदम लागत नाहीत. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीलाच १६,००० हातात हवेत, आणि खोलीची आगाऊ रक्कम त्यानंतर लगेच. पैसे आरडीत अडकले तर तुम्ही पुन्हा कार्ड काढाल. वेगळं बचत खातं उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ८,००० तिकडे वळते करा, आणि त्या खात्याचं यूपीआय मोबाइलवर जोडू नका. नोव्हेंबरअखेर त्यात ३२,००० असतील, तिकिटं निघून निम्मे उरतील.

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिक रोडहून कोकण रेल्वेनं थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच जाते. साधारण सव्वा दिवसाचा प्रवास. तिकीट काढताना 'किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच' हा पर्याय निवडा, आईंना मधल्या बर्थवर चढवण्याची वेळ येता कामा नये. परतीचं आरक्षण परतीच्या तारखेच्या ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख वेगळी लिहून ठेवा.

सोमवारी सकाळी पोचून गुरुवारी निघाल असं बघा. पाच दिवसांची रजा लागेल, पण शनिवार-रविवारच्या गर्दीचे दर वाचतील. शिवाय कोचीतल्या मट्टनचेरी भागातला राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि तिथल्याच ज्यू टाउनमधलं १५६८ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवार-शनिवारी बघायला मिळत नाही. शुक्रवारी पोचणारी कितीतरी कुटुंबं बंद दारं बघून परत येतात. दिवाळी मी टाळायला सांगतेय ती याच अंगानं. त्या दिवसांत महाराष्ट्र-गुजरातची सगळी गर्दी केरळात असते, खोल्यांचे दर चढलेले असतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे परतीच्या मोसमाचा पाऊस संध्याकाळी झोडपतो. फेब्रुवारीत उकडतं, पण कोरडं असतं.

खोली एर्नाकुलमला नको, फोर्ट कोचीत घ्या. एर्नाकुलममध्ये शे-दोनशे स्वस्त मिळेल, पण रोज पलीकडे जाण्या-येण्यात ते जातील आणि आईंचे पाय दुखतील ते वेगळं. फोर्ट कोचीत जाळी, किनाऱ्यावरची फरशीची वाट, सेंट फ्रान्सिस चर्च हे सगळं रमतगमत चालण्याच्या अंतरावर आहे. याच चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं, पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मुलीला इतिहासाच्या पुस्तकात तो भेटेलच.

पाण्यावर फिरायला खासगी बोटवाले जेट्टीवर मागे लागतात. गरज नाही. सरकारी फेरीचं तिकीट दहा रुपयांच्या आत आहे. आईंसाठी मात्र वॉटर मेट्रो घ्या, माणशी ४० रुपयांच्या आसपास पडेल. तिचे धक्के तरंगते असतात, भरती-ओहोटीबरोबर बोटीच्या पातळीला राहतात, म्हणून पाय उचलून उडी मारावी लागत नाही. वातानुकूलित बोट आहे आणि बसायला जागा असते. सगळं बंदर, मोठी जहाजं, विलिंग्डन बेट तिच्या खिडकीतून दिसतं. दोनदा गेलात तरी खासगी बोटीपेक्षा स्वस्त.

चिनी जाळ्यांजवळ सकाळी लवकर जा. लांब लाकडी दांड्यांवर ताणलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे दगड, आणि चार-पाच माणसं दोर ओढतात तसं ते अख्खं जाळं पाणी गाळत वर येतं. ती माणसं पर्यटकांनाही दोर ओढायला बोलावतात आणि नंतर पैसे मागतात. किती ते आधी विचारा आणि खुशाल द्या, राखीव रक्कम त्यासाठीच आहे. शेजारी मासळी विकत घेऊन लगेच करून देणारे आहेत. तिथे वजनाचा भाव आणि करून द्यायचे पैसे, दोन्ही आधी ठरवा.

मट्टनचेरीत चेरलाईला तिरुमला देवस्वमचं देऊळ आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं तिथे वसली आणि आजही घरात कोकणी बोलतात. आईंचं माहेर रत्नागिरीकडचं, असं तुम्ही लिहिलंय. तिथे थोडा वेळ मोकळा ठेवा, त्यांना बोलायला कुणीतरी भेटेल.

त्यांचं माहेर तुमच्या गाडीच्या वाटेवरच आहे. रत्नागिरीला गाडी किती वाजता येते ते तिकीट काढतानाच बघून घ्या, आणि त्या वेळी खिडकीची जागा आईंना द्या.