वाचक विचारतात : एका कादंबरीत किती कादंबऱ्या?

प्रश्न : ड्रॅक्युला, जेकिल, होम्स अशी वेगवेगळ्या पुस्तकांतली पात्रे एकत्र आणणाऱ्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत. आधी सगळी मूळ पुस्तके वाचावी लागतील का?

उत्तर : सगळी नाही. थिओडोरा गॉस यांची २०१७ ची कादंबरी ‘द स्ट्रेंज केस ऑफ द अल्केमिस्ट्स डॉटर’ तर थेट उघडा. जेकिल, हाइड, मोरो, फ्रँकेन्स्टाइन या जुन्या कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या ‘मुली’ त्यात एकत्र राहतात आणि मधूनमधून निवेदनच अडवून भांडतात. प्रत्येकीची हकिकत आतच कळते. किम न्यूमनच्या ‘ॲनो ड्रॅक्युला’चे (१९९२) मात्र वेगळे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती हाती घेऊ नका, कारण न्यूमनने तो शेवटच उलटवला आहे. ड्रॅक्युला जिंकतो, राणी व्हिक्टोरियाशी लग्न करतो. त्यातला पंतप्रधान रूथवेन पॉलिडोरीच्या १८१९ च्या ‘द व्हॅम्पायर’ या कथेतून आला आहे. तो ओळखू आला नाही तरी काही अडत नाही. नियम स्टोकरच्या जगाचे, बाकीचे पाहुणे, म्हणून एवढी गर्दी तिथे खपते. सगळेच यजमान झाले की कादंबरीचे हजेरीपत्रक होते.

प्रश्न : मराठीत असे लिहायचे तर परवानगी लागते का? काय सांभाळावे?

उत्तर : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे लेखनाचे हक्क (कॉपीराइट) राहतात. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, तेव्हा ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू मोकळी आहे. भा. रा. भागवत २००१ साली गेले. फास्टर फेणे हवा असेल तर २०६१ संपेपर्यंत वारसांना विचारावे. परदेशी पुस्तकाच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, त्यातली वाक्ये उचलू नका.

लिहिण्याआधी प्रत्येक पात्राचे जन्मसाल, कथेचा काळ आणि मृत्यू एका तक्त्यात मांडा. यमू आणि बाबा पदमनजींची यमुना (‘यमुनापर्यटन’, १८५७) यांना समवयस्क मैत्रिणी केलेत तर तीसेक वर्षांचा घोळ होईल. एकीला मोठे करावे लागेल. ज्यूल व्हर्नलाही हे साधले नाही. बुंदेलखंडचा राजपुत्र कॅप्टन निमो एका कादंबरीत १८६६ ते १८६८ दरम्यान समुद्र पालथा घालतो आणि दुसरीत त्याच सुमारास एकाकी, म्हातारा होऊन मरतो. अशा वेळी कुठली कादंबरी प्रमाण मानायची ते आधीच ठरवा.

रूप मूळ पुस्तकातूनच घ्या. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या राक्षसाची कातडी पिवळट, केस काळेभोर आणि लांब आहेत. सपाट डोके सिनेमाने दिले.